पंख नसलेली, विचित्र आकाराची प्रायोगिक विमानं बनवण्यात पैसा वायाच जातो ना? त्यातलं पुढे काही वापरात आलं का?

वाया जात नाही. हा वाद मी आधी एकदा घातलाय आणि तो अर्धवट राहिलाय, म्हणून सविस्तर लिहितो.

माझ्या भाचीने शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात नासाच्या एम२-एफ१ या बिनपंखी प्रायोगिक विमानाचं पुठ्ठ्याचं मॉडेल मांडलं होतं. मधोमध उभा चिरलेला शंकू, सपाट बाजू वर, गोल पोट खाली. परीक्षकांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "पंख कुठायत? हे अंतराळात गेलं होतं का? नाही ना? मग फसलेला प्रयोग कशाला मांडलास?" पोरीच्या तोंडून शब्द फुटेना. मी मध्ये पडलो, पण साहेबांना पुढच्या टेबलाची घाई.

अहो, ते अंतराळात जाण्यासाठी नव्हतंच! अंतराळातून परतताना जी भयंकर उष्णता तयार होते, तिच्यात पातळ पंख टिकवणं कठीण; बोथट, जाडजूड आकार ती सोसतो. पण असं धूड पायलटला हव्या त्या जागी उतरवता येईल का, एवढंच तपासायचं होतं. डेल रीड या इंजिनिअरने आधी छोटी मॉडेलं उडवली. मग १९६३ साली कॅलिफोर्नियात एडवर्ड्सच्या हवाई तळावर प्लायवूडचं, बिनइंजिनाचं विमान तयार झालं. खर्च साधारण ३०,००० डॉलर! कोरड्या तळ्यात ते ओढायला उघड्या टपाची पाँटिअ‍ॅक गाडी घेतली आणि मागचं विमान दिसावं म्हणून ड्रायव्हरशेजारची सीट उलटी बसवली. ऑगस्टमध्ये पायलट मिल्ट थॉम्पसनला त्यात बसवून दुसऱ्या विमानाने १२,००० फुटांवर नेऊन सोडलं. दोनेक मिनिटांत तो जमिनीवर, धडधाकट.

त्यातून एचएल-१०, एक्स-२४बी अशी भारी भावंडं आली. १९७५ साली एक्स-२४बी इंजिनाविना थेट काँक्रीटच्या धावपट्टीवर उतरलं. स्पेस शटलला उतरण्यासाठी जेट इंजिनं लावावीत असा विचार होता. ती नकोत म्हणणाऱ्यांना या उड्डाणांनी बळ दिलं. कोलंबिया हे शटल १९८१ मध्ये इंजिनाविनाच उतरलं. याला फसलेला प्रयोग म्हणायचं?

हे मात्र खरं की शटलला पंख होते आणि एक्स-१५ हे रॉकेट-विमानसुद्धा इंजिन बंद झाल्यावरच उतरायचं, त्यामुळे सगळं श्रेय याच विमानांचं नाही. एम२-एफ१ चं पुढचं रूप एम२-एफ२ १९६७ साली कोसळलं, पायलट ब्रूस पीटरसन जबर जखमी झाला. मग मधे तिसरं शेपूट लावून ते एम२-एफ३ म्हणून पुन्हा उडवलं. आणि काही खरंच फसली. तबकडीसारखं अ‍ॅव्ह्रोकार जमिनीपासून तीनेक फुटांवर गेलं की डुलायला लागायचं, १९६१ मध्ये गुंडाळलं.

तुम्ही कधी प्रदर्शनात परीक्षक म्हणून गेलात, तर "हे कुठे वापरलं?" हा प्रश्न मागे ठेवा. "यातून काय तपासायचं होतं?" असं आधी विचारा. माझ्या भाचीकडे त्याचं उत्तर तयार होतं.