पूर-लॉकडाऊनमधे महिलांच्या छोट्या संस्थांना मदत खरंच मिळते का, आणि त्यावर लक्ष कसं ठेवायचं?

तुमचा प्रश्न असा आहे की संकटाच्या वेळी महिलांच्या संस्था-गटांमार्फत मदत करायची तर पैसे पोचले का आणि दहाजण एकाच वस्तीत जाऊन पडत नाहीत ना, हे कोण आणि कसं बघतं. मी एक्स्पर्ट वगैरे नाही, नाशकात बचतगटांचे हिशोब बघते, तेवढ्यावरून सांगते.

आमच्याकडे गंगेला (गोदावरीला इथं गंगाच म्हणतात) पूर किती आला ते नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून कळतं, कमरेला लागला का गळ्याला. सगळे कॅमेरे तिथंच. पण शहरातलं पाणी ओसरायला लागतं तेव्हा खाली निफाड तालुक्यात सायखेडा-चांदोरीत ते चढत असतं, नांदूरमध्यमेश्वर धरणाचा फुगवटा पडतो ना. ४ ऑगस्ट २०१९ ला रविवार होता, तेव्हाही तसंच झालं. तिकडच्या एका गटाच्या अध्यक्ष ताई माझ्या ओळखीच्या, त्यांचं स्वतःचं घर पाण्यात, पण गटाचं रजिस्टर दोन कॅरीबॅगमधे बांधून त्यांनी आधी माळ्यावर टाकलं होतं म्हणून घराघराची यादी वाचली. मग काय, चार दिवसात मदत करणाऱ्यांचे सहा ठिकाणहून फोन, सगळ्यांना तीच यादी पाहिजे पण कुणाला आधार नंबरसकट, कुणाला एक्सेलमधे, कुणाला बॅनर धरलेल्या फोटोसकट! ताईंकडे साधा फोन, एक्सेल कुठून आणणार, पोराच्या मागे लागून रात्री टाईप करून घेतलं. शेवटी एका वस्तीला ताडपत्री तीनदा मिळाली आणि परकर न् पॅड एकदाही नाही, कारण ते कुणाच्या किटमधे नव्हतंच.

खरी गोष्ट पुढे आहे. नंतर दोन-तीन रिपोर्ट माझ्या बघण्यात आले, सगळ्यात "स्थानिक महिला गटामार्फत वाटप" असं लिहिलेलं, आणि गटाचं पासबुक उघडलं तर त्या दोन महिन्यात एक रुपयाची एंट्री नाही. रिक्षाभाडं, रिचार्ज, झेरॉक्स सगळं ताईंच्या पदरचं. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की मोजताना दोन कॉलम करा, गटाच्या हातून किती गेलं आणि गटाला किती मिळालं. पहिला सगळेच भरतात, दुसरा कुणी विचारतच नाही. आणि हे फक्त आपल्याकडंच आहे असं समजू नका. २०१६ मधे जगातल्या मोठ्या देणगीदारांनी आणि मदतसंस्थांनी ठरवलं होतं की २०२० पर्यंत निदान २५ टक्के पैसा स्थानिक संस्थांना जितका थेट देता येईल तितका द्यायचा, २०२० उलटून गेलं पण तो आकडा काही गाठला नाही.

आपल्याकडं तर ऐन कोविडात, सप्टेंबर २०२० मधे, एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, बदलला. परदेशी देणगी घेतलेली मोठी संस्था ती आता दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही, आणि ऑफिसखर्च ५० ऐवजी २० टक्क्यांच्या आत. म्हणजे मोठीकडून छोटीकडे जी वाट होती तीच बंद. कंपनीचा सीएसआर (समाजकार्यासाठी द्यायचा पैसा) म्हणाल तर २०२१ पासून संस्थेला सीएसआर-१ नोंदणी नंबर लागतो, त्याला १२ए, ८०जी या इन्कम टॅक्सच्या नोंदण्या पाहिजेत, बचतगट कुठून आणणार? त्यामुळं तुमच्याकडं साधा देशातला पैसा असेल तर तो सरळ गटाच्या खात्यात टाका, आणि त्यात वाटपाचा खर्च वेगळा धरा, सामानात मिसळू नका.

कोऑर्डिनेशनचं म्हणाल तर गावाची यादी एकच, ती गटाकडं, बाकीच्यांनी फोन करून आपल्याला पाहिजे ते उतरवून घ्यायचं, आणि आपण काय देणार ते त्याच यादीत त्याच दिवशी लिहायचं. आधार नंबर ग्रुपवर टाकायचे नाहीत, आणि घरात मारहाण होणाऱ्या बाईचं नाव तर कुठल्याच यादीत नको.

मिटींगा हा वेगळाच विषय! २००५ च्या कायद्याने जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण आहे, कलेक्टर अध्यक्ष, झेडपीचे अध्यक्ष सहअध्यक्ष, तिथं महिला गटांची एक खुर्ची असावी असा अर्ज पावसाच्या आधी एप्रिल-मे मधेच देऊन ठेवा, पूर आल्यावर कुणाला वेळ नसतो. पण बैठक संध्याकाळी नाशिक शहरात सीबीएस स्टँडजवळ ठेवली तर सायखेड्याची बाई येणार कशी आणि परत जाणार कशी? आम्ही एकदा नुसती वेळ बदलून सकाळी अकराची केली आणि बसभाडं दिलं, तर दोन जणींच्या जागी नऊजणी आल्या. परकराचा विषय पहिल्यांदा त्या दिवशी निघाला.