मुलाला फायटर पायलट व्हायचंय पण चष्मा आहे

भांडुपच्या एका ताईंचं पत्र आलंय. मुलगा अकरावी सायन्सला, १९७१ च्या युद्धातले हवाई दलाचे पायलट निर्मलजितसिंग सेखों यांच्याबद्दल वाचल्यापासून फायटर पायलटच होणार, तसंच पदक मिळवणार म्हणतोय, पण नववीपासून मायनस दीडचा चष्मा, तर डोळ्यांचं लेसर करून टाकू का आणि एनडीएचा (बारावीनंतर सैन्यदलांत अधिकारी होण्यासाठीची प्रबोधिनी) क्लास लावू का, असं विचारतात.

ताई, लेसर आत्ता अजिबात नको. विसाव्या वर्षाआधी केलेलं लेसर हवाई दलात चालत नाही, म्हणजे पैसे भरून पुढची दारंपण बंद. आणि स्पष्टच सांगते, मायनस नंबर असताना एनडीएतून फ्लाइंग मिळत नाही. वीस झाल्यावर, नंबर स्थिर असेल तर लेसर करून ग्रॅज्युएशननंतर एएफकॅट या हवाई दलाच्या प्रवेश परीक्षेतून ट्राय करता येईल, तेही मेडिकलचे बाकीचे नियम बसले तरच. त्यामुळे क्लासची मोठी फी भरायच्या आधी चांगल्या डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवून हवाई दलाचे निकष समोर ठेवून विचारा. ग्राउंड ड्युटीला, म्हणजे हवाई दलातल्या विमान न उडवणाऱ्या कामांना, चष्मा ठरावीक नंबरपर्यंत चालतो. फ्लाइंगला गणित मात्र लागतंच, एनडीएच्या लेखीत ९०० पैकी ३०० मार्क त्याचेच. पायलटसाठी सीपीएसएस नावाची टेस्ट असते, ती आयुष्यात एकदाच देता येते, नापास झालात तर पायलटचा विषय संपला.

आता पदकाचं. सेखोंना १९६७ ला कमिशन मिळालं, १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरवर नॅट या छोट्या फायटर विमानातून पाकिस्तानच्या सेबर विमानांशी लढताना ते गेले, आणि हवाई दलाचं आजवरचं एकमेव परमवीर चक्र त्यांचं, तेही मरणोत्तर. हे मुलाशी बोला, घाबरवायला नाही, पण त्याला पदक दिसतंय आणि तुम्हाला धोका, दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलताय हे कळू दे. राकेश शर्मांचंही सांगा. अशोक चक्र मिळालं, १९८४ ला अंतराळात गेले, तरी रिटायर झाले विंग कमांडर म्हणूनच आणि मग नाशिकला एचएएल या विमानं बनवणाऱ्या सरकारी कंपनीत टेस्ट पायलट होते. म्हणजे रोजचं विमान उडवणंच आवडलं पाहिजे, नाहीतर वीस-पंचवीस वर्षं निघणार कशी?

बाय द वे, पत्रात धाकटीचा उल्लेख एका ओळीत आलाय, आठवीला आहे, गणितात पहिली, चष्मा नाही. एनडीएत २०२२ पासून मुलीही घेतात आणि दहावीनंतर मुलींसाठी नाशिकला सरकारी सैनिकी सेवा पूर्वतयारी संस्था आहे. तिला विचारलंत का कधी?