शनिवारी सकाळी नळापासून

पोरी, अनेक आशीर्वाद.

शनिवार-रविवार फ्लॅटवर एकटीच असते, वेळ नुसता मोबाइलवर जातो, घरबसल्या काय शिकू, असं विचारलंयस. गिटार शीक, जपानी शीक, असं सांगणारे पुष्कळ भेटतील. माझं ऐकशील तर ज्या चार भिंतींचं दरमहा भाडं भरतेस, त्या आधी शिकून घे. नळ, फ्लश, दार, न्हाणी. शनिवारी एक काम, तेही सकाळी दहाच्या सुमारास. संध्याकाळी नळ उघडून बसायचं नाही. एखादा वॉशर कमी पडला आणि हार्डवेअरचं दुकान बंद झालेलं असलं, तर सोमवारपर्यंत बादलीवर आंघोळ.

पहिल्या शनिवारी काहीच उघडू नकोस, फक्त पाणी कुठे बंद होतं ते शोध. बेसिनखाली आणि कमोडशेजारी अँगल कॉक असतो. बाथरूमच्या भिंतीत, बहुधा खांद्याच्या वर, एक-दोन स्टॉप कॉक असतात. गीझर बंद कर आणि मग एकेक कॉक बंद करून कुठला नळ कोरडा पडतो ते वहीत लिही. जुन्या इमारतीत एखादा कॉक क्षाराने धरलेला असतो. त्याला पाना लावून जोर करायचा नाही. दांडा तुटला की पाणी थांबायचं कुठेच नाही. मग गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह उरतो, पण त्यावर तुझ्या खालचे-वरचे सगळेच मजले असतात. वॉचमनला आणि सेक्रेटरींना सांगितल्याशिवाय तिथे हात लावलास, तर प्लंबिंगच्या आधी सोसायटीचं राजकारण शिकशील. जे कॉक फिरतात ते दर दोन-तीन महिन्यांनी एकदा बंद-चालू करत जा. न फिरवल्यामुळेच ते धरतात.

हत्यारं थोडी लागतात. 10 इंची ॲडजस्टेबल पाना, पक्कड, एक चपटा आणि एक फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, टेस्टर, टेफ्लॉन टेपचं (सांधा गळू नये म्हणून आट्यांवर गुंडाळायच्या पातळ पट्टीचं) रीळ, जुना टूथब्रश. पंचवीस हत्यारांची चकचकीत पेटी घेऊ नकोस, त्यातली वीस तशीच पडून राहतात.

आता नळ. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला 86,400 थेंब. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर रोज चार लिटरांहून जास्त, महिन्याला सुमारे 130 लिटर पाणी. जुना नळ चार-पाच फेऱ्या फिरवून बंद व्हायचा, त्यात रबरी वॉशर असायचा. तो झिजला की बदलायचा, बस. हल्लीचा नळ पाव फेरीत बंद होतो. त्याच्या स्पिंडलमध्ये, म्हणजे हँडलखालच्या फिरत्या भागात, सिरॅमिकच्या दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर सरकतात. टाकीतून आलेला वाळूचा एक कण त्यांच्यामध्ये अडकला की चरा पडतो, आणि नळ ठिबकायला लागतो. तो जोरात आवळून काही उपयोग नसतो, हँडल मात्र सैल होतं. तिथे स्पिंडलच बदलावा लागतो.

क्रम असा. कॉक बंद कर, नळ उघडून आतलं पाणी जाऊ दे. हँडलवरची लाल-निळी टिकली ब्लेडच्या टोकाने उचल, खाली स्क्रू दिसेल. तो काढून हँडल सरळ वर ओढ. त्याखालची चकचकीत टोपी हाताने फिरते. नाही फिरली तर तिच्यावर फडकं गुंडाळून पाना लाव, नाहीतर पॉलिशवर दात उमटतात. मग स्पिंडल डावीकडे फिरवून बाहेर काढ. जुना स्पिंडल खिशात घालूनच दुकानात जा. नुसतं ‘अर्धा इंची नळाचा स्पिंडल द्या’ म्हटलंस, तर दुकानदार पाच प्रकारचे काढून ठेवेल, कारण उंची आणि वरच्या दात्यांची संख्या कंपनीगणिक बदलते. नवा बसवण्याआधी बोटाला फडकं गुंडाळून नळाची आतली बैठक पूस, तिथे क्षाराचा खडा राहिला तर नवा स्पिंडलही गळेल. आधी हाताने बसेल तितका बसव, मग पान्याने फक्त पाव फेरी. कॉक उघडण्याआधी नळाच्या तोंडची जाळी काढून ठेव, म्हणजे हलवाहलवीत सुटलेला कचरा तिच्यात न अडकता वाहून जाईल. सोसायटी टाकी धुते त्या दिवशीही हेच कर. टाकी धुतल्यावरच्या पहिल्या पाण्यानेही नळ बिघडतात.

जाळी हातात आहेच, तर तीही बघ. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर तिच्यावर पांढरा थर असेल. निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी, तासभर बुडव, टूथब्रशने घास. ‘आमच्याकडे प्रेशरच नाही’ अशी तक्रार असलेल्या घरांत बऱ्याचदा दोष एवढाच असतो.

टेफ्लॉन टेप लागते ती शॉवर किंवा नळ भिंतीत बसवताना. आट्यांचं टोक तुझ्याकडे धर आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, ताणून, दहा-बारा वेढे दे. उलटे दिलेस तर आवळताना टेप गोळा होऊन बाहेर येते. आणि आवळून झाल्यावर ‘थोडा वाकडा वाटतोय’ म्हणून मागे फिरवू नकोस. मागे फिरवला की सांधा गळणारच. तो काढून, टेप खरवडून पुन्हा करावा लागतो.

फ्लशच्या टाकीची गळती आवाज करत नाही, म्हणून महिनोन्‌महिने कळत नाही. टाकीत नीळ टाक, कपड्यांची असते तीच, आणि अर्धा तास फ्लश करू नकोस. भांड्यात निळं पाणी उतरलं तर तळाचा रबरी सील खराब आहे किंवा त्याखाली क्षार बसलाय. आधी पुसून बघ, तेवढ्यानेही भागतं. पण टाकीतलं पाणी ओव्हरफ्लोच्या (जास्तीचं पाणी भांड्यात नेणाऱ्या) नळीत सांडत असेल, तर फ्लोट, म्हणजे पाण्याबरोबर वर येऊन पाणी बंद करणारा तरंगता भाग, फार वर आहे. पाणी ओव्हरफ्लोच्या नळीच्या तोंडाखाली इंचभर थांबलं पाहिजे.

न्हाणीच्या वासाचंही असंच. जमिनीतल्या जाळीखाली वाडग्यासारखा भाग असतो, त्याला सिव्हिलवाले आजही नहाणी ट्रॅपच म्हणतात, शब्द आपलाच. त्यात दोनेक इंच पाणी कायम उभं असतं, आणि तेच खालच्या पाइपातला वास आणि झुरळं अडवतं. दुसरं बाथरूम वापरात नसलं की ते पाणी उन्हाळ्यात आटतं आणि घरभर वास सुटतो. लोक फिनेल ओततात, डांबरगोळ्या टाकतात. आठवड्याला तांब्याभर पाणी ओत, काम झालं. गावी जाणार असशील तर पाण्यावर चमचाभर गोडं तेल सोड, त्याने आटायला वेळ लागतो.

दाराची बिजागरी लोंबकळत असेल तर ते सगळ्यांत समाधानाचं काम आहे. स्क्रू फिरतो पण धरत नाही, कारण भोक मोठं झालेलं असतं. लांब स्क्रू शोधत बसू नकोस. दाराखाली वर्तमानपत्राची घडी सरकवून त्याचं वजन उचलून धर आणि स्क्रू काढ. आगपेटीच्या काड्यांची गुलाची टोकं मोडून त्या फेव्हिकॉलमध्ये बुडव आणि भोकात ठोकून बसव, तीन-चार मावतात. वर आलेल्या काड्या ब्लेडने सपाट काप. पूर्ण एक दिवस वाळू दे, मग तोच जुना स्क्रू घाल. घाई केलीस तर ओल्या काड्या स्क्रूबरोबर गोल फिरतात आणि भोक आणखी मोठं होतं. पावसाळ्यात फुगून घासणारं दार मात्र रंधायला देऊ नकोस. घासतं तिथे मेणबत्ती चोळ आणि दिवाळीपर्यंत थांब. हिवाळ्यात ते आपोआप आक्रसतं, आणि जुलैत रंधलेल्या दाराला जानेवारीत फट पडते.

भिंतीला ड्रिल मारण्याआधी घरमालकांना फोन कर. 6 मिलिमीटरच्या गिट्टीला (भोकात बसून स्क्रू धरणाऱ्या खुंटीला) 6 मिलिमीटरचाच बिट. स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत भोक पाडू नकोस, वायरचे पाइप बहुधा त्याच रेषेत जातात. दुपारी एक ते चारमध्ये तर नकोच. शेजारी झोपलेले असतात, आणि त्यांचीच शिडी पुढच्या शनिवारी लागणार असते.

विजेच्या कामात एवढंच कर: पंख्याची पाती पुसणं, बल्ब-ट्यूब बदलणं, प्लगचा सैल स्क्रू आवळणं, तोही प्लग सॉकेटमधून काढून. पंखा पाचवरही रेंगाळत असेल तर बहुधा कंडेन्सर (पंख्याचा कॅपॅसिटर) गेलाय. ते काम पहिल्यांदा इलेक्ट्रिशियनकडून करून घे आणि शेजारी उभं राहून बघ. बटण बंद म्हणजे वीज बंद, असं समजू नकोस. चुकीच्या वायरिंगमध्ये बटण फेजऐवजी (वीज आणणाऱ्या वायरीऐवजी) न्यूट्रलवर (परतीच्या वायरीवर) असतं, आणि पंखा बंद असूनही वायरीत करंट असतो. म्हणून एमसीबी, म्हणजे मीटरजवळच्या किंवा घरातल्या पेटीतलं त्या लाइनचं मुख्य बटण, खाली पाड. टेस्टर आधी चालू सॉकेटमध्ये लावून पेटतो ना ते बघ, मगच त्याच्या न पेटण्यावर विश्वास ठेव. गीझर, गॅसची जोडणी आणि खिडकीबाहेरचं कुठलंही काम तुझं नाही.

काही उघडलंस की प्रत्येक टप्प्याचा फोटो काढ आणि सुटे भाग काढले त्या क्रमाने ताटात मांड, डावीकडून उजवीकडे. बसवताना उजवीकडून उचलत यायचं.

ता. क. – टिकलीखालचा स्क्रू काढण्याआधी बेसिनच्या भोकावर फडकं टाक. तो नेमका तिथेच पडतो. पडलाच तर नळ सोडू नकोस, बेसिनखाली बादली ठेव आणि बॉटल ट्रॅपची, म्हणजे बेसिनखालच्या बाटलीसारख्या भागाची, खालची वाटी हाताने फिरवून काढ. स्क्रू, केस आणि कधीकाळी हरवलेलं कानातलं, सगळं तिथेच असतं. वाटी परत बसवताना तिचा रबरी वॉशर जागेवर आहे ना, ते बघ.