पाच तारांचा बेस की एक्स्टेन्शन? कर्ज काढायच्या आधी थोडा हिशोब

ठाण्यातल्या माजिवड्याच्या एका डबल बेस (व्हायोलिनसारखं, पण सगळ्यात मोठं, खर्जाचं वाद्य) वाजवणाऱ्या वाचकाचा प्रश्न आहे. ऑर्केस्ट्रात बऱ्याचदा ईच्या खालचे सूर लागतात आणि बेस चार तारांचा, ई हाच त्याचा सगळ्यात खालचा सूर, मग साडेचार लाखांचा सेकंडहँड पाच तारांचा घ्यायचा (50 हजार स्वतःचे, 4 लाख पर्सनल लोन 14 टक्क्यांनी 3 वर्षं) की आहे त्यालाच सी एक्स्टेन्शन (ई तार बेसच्या डोक्यावरून पुढे लांबवून खालच्या सीपर्यंत नेणारी जोडपट्टी) बसवायचं, कारागीर, नवी तार सगळं धरून 1 लाख 10 हजार?

मी संगीतात ढ, पण आत्याचा तंबोरा ऐकत वाढलोय, खर्जाची तार ढिली पडली की घर कसं पोकळ वाटतं ते माहितीये, त्यामुळे खालचा सूर हवाच म्हणता ते पटतं. आता पैशाचं बघू. EMI साधारण 13,670 येतो, म्हणजे व्याजच 92 हजारांच्या आसपास. तुमची पक्की कमाई शिकवण्यांची, 38 हजार, आणि घरखर्च 30 हजार, मग उरलेल्या 8 हजारात हा हप्ता बसवणार कुठे? कॉन्सर्टच्या पैशांवर भिस्त म्हणाल तर ते कधी येतात कधी नाही, हे तुम्हीच लिहिलंय. आणि मेन मुद्दा, पाच तारा लावल्या म्हणून मानधन वाढत नाही हो, तेवढंच मिळतं.

पाच तारांच्या बाजूनेही बोलतो. खालचे सूर भरभर वाजवायचे असतील तर हात बेसच्या डोक्याच्या टोकापर्यंत न्यायला लागत नाही, शेजारच्या तारेवर काम होतं, त्यात ती पाचवी तार सीच्याही खालचा बीसुद्धा देते. पण रिचर्ड श्ट्राउसच्या 1896 च्या झाराथुस्ट्रा या ऑर्केस्ट्रा-रचनेसारखं, जिथे सुरुवातीलाच खालचा सी धरून ठेवायचा असतो, तिथे एक्स्टेन्शनचं लॅच (तार ईवर दाबून धरणारी खिट्टी) उघडलं की मोकळ्या तारेवरच काम भागतं. तुमच्या वर्षाच्या 12 कार्यक्रमांत ईच्या खाली जायला लागतं ते 5 वेळा, त्यातले भरभर पॅसेज किती? एकदा वहीत लिहून काढा, बहुतेक एक-दोनच निघतील.

शिवाय अडचण आली तर हा पाच तारांचा बेस ठाण्यात घेणार कोण? डोंबिवलीत हार्मोनियम दोन दिवसांत खपते, ह्याला गिऱ्हाईक शोधायला वर्ष जाईल.

म्हणून माझं मत एक्स्टेन्शन, आणि तेही कर्जाशिवाय. FD तले 3 लाख आहेत त्यातून 1 लाख 10 हजार काढले तरी 1 लाख 90 हजार उरतात, सहा महिन्यांचा खर्च 1 लाख 80 हजार, जेमतेम बसतंय, तेवढ्याला हात लावू नका. काम दिवाळीनंतर करा, पावसाळ्यात लाकूड फुगून तारा वर उचलतात, आत्ता सेटअप (तारांची उंची बसवणं) केलात तर पुन्हा दुसरा खर्च. एक्स्टेन्शनची तार लांब लागते, ती ऑर्डर करायच्या आधी कारागिराला मापं घेऊ द्या. जुनी ई तार टाकू नका, लांब तार तुटली तर कामाला येईल.