मधल्या सुट्टीतली सिगरेट सुटत नाही

प्रश्न: सिस्टर, मी ऐरोलीला हायस्कूलमध्ये शिकवतो, वय ४४. दिवसाला सात-आठ सिगरेटी होतात, पहिली उठल्या उठल्या चहासोबत, मग मधल्या सुट्टीत शाळेपासून लांबच्या टपरीवर. मागे सोडून बघितली पण इतकी चिडचिड व्हायची की वर्गात पोरांवर उगाच ओरडायचो, आठवड्यात परत सुरू. तंबाखूमुक्तीची शपथ मीच द्यायची आणि मीच ओढायची, कुणाला सांगायची लाज वाटते. नर्स यात मदत करते म्हणे, म्हणजे नक्की काय करते?

उत्तर: सर, लाज आधी बाजूला ठेवा, निकोटिनची सवय आहे ही आणि तिच्यावर उपाय आहे. आम्ही लेक्चर देत नाही. कुठली सिगरेट किती वाजता, कुणासोबत, कशानंतर, हे सगळं विचारून घेतो आणि त्या त्या वेळेला काय करायचं ते दोघं मिळून ठरवतो. तुम्हाला उठल्यावर अर्ध्या तासातच पहिली लागते म्हणजे शरीराला निकोटिन बरंच लागतं, नुसत्या निश्चयावर जमणं कठीण, त्यामुळे डॉक्टरांना विचारून निकोटिन गम घ्या. फक्त तो साध्या च्युइंगगमसारखा चावायचा नाही हां, बरेच जण तसंच करतात, मग उचकी लागते, मळमळतं आणि गम फेकून देतात. हळूहळू चावायचा, तोंडात झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचा, झिणझिण्या गेल्या की परत चावायचा, असा साधारण अर्धा तास. चहा प्यायल्यावर पंधरा मिनिटं थांबून घ्या, लगेच घेतला तर निकोटिन नीट शोषलं जात नाही.

चिडचिड पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त असते, तीन-चार आठवड्यांत बरीच उतरते. म्हणून मी तर म्हणेन दिवाळीच्या सुट्टीचा पहिला दिवस धरा, तो आठवडा वर्गाबाहेर जाईल. तलफ आली की थोडी मिनिटंच जोरात असते, पाणी प्या, ग्राउंडला एक चक्कर मारा.

आणि खरं काम पुढे आहे, पहिल्या आठवड्यात आणि नंतरही मधूनमधून आम्ही फोन करतो. एखादी ओढली गेली तरी सांगा, कुणी रागावणार नाही, कधी आणि कशामुळे झालं ते बघून पुढचं ठरवू. जवळच्या महापालिका हॉस्पिटलात तंबाखू सोडण्यासाठी समुपदेशन मिळतं का विचारा, नाहीतर १८००-११-२३५६ ही सरकारी क्विटलाइन फुकट आहे. आणि स्टाफरूममधल्या एका तरी विश्वासातल्या माणसाला सांगून ठेवा, म्हणजे मधल्या सुट्टीत कुणी टपरीवर चला म्हणालं तर तो तुम्हाला थांबवून घेईल.