वाचकांचे प्रश्न : एडमंटनची जर्सी त्याने घातलीच नाही

प्रश्न : माझा नातू टोरांटोत वाढतोय आणि मेपल लीफ्सचा वेडा आहे. त्याच्याशी बोलायला विषय मिळावा म्हणून मीही आइस हॉकी बघायला लागलो. तो सांगतो, २०२४ मध्ये लीफ्सने क्रेग बेरुबेला मुख्य कोच नेमलं. याच क्लबने तो खेळाडू असताना चार महिन्यांच्या आत त्याला दुसऱ्याच्या पदरात टाकलं होतं. बेरुबेची सगळी कारकीर्दच म्हणे अशी विकलं जाण्यात गेली. माणसाला वस्तूसारखं विकायचं, त्यात मान कसला? आणि असा माणूस पुढे एवढा मोठा कोच होतो कसा?

उत्तर : काका, नातू बरोबर सांगतोय. नवऱ्याच्या नोकरीमुळे मी बारा वर्षं सेंट लुइसला काढली. बेरुबेचा २०१९ चा मोसम तिथेच पाहिला, त्यामुळे या माणसाबद्दल मला अलिप्तपणे लिहिता येणार नाही, हे आधीच सांगून टाकते.

‘विकणं’ हा शब्द मात्र सोडू या. एनएचएलमध्ये, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या सर्वोच्च आइस हॉकी लीगमध्ये, खेळाडूच्या बदल्यात सहसा पैसे येत नाहीत, दुसरा खेळाडू येतो किंवा पुढच्या ड्राफ्टमध्ये नवा मुलगा निवडायचा हक्क मिळतो. खेळाडूचा करार जसाच्या तसा नव्या क्लबकडे जातो. करारात तसं कलम घालून घेतलं नसेल तर त्याला कोणी विचारत नाही. फोन येतो, बॅग भरायची आणि निघायचं.

बेरुबेचं १९९१ साल बघा. हा अल्बर्टातल्या कॅलाहू नावाच्या छोट्या वस्तीतला मुलगा. ड्राफ्टमध्ये त्याला कोणीच निवडलं नव्हतं. १९८६ मध्ये फिलाडेल्फियाने त्याला थेट करारावर घेतलं आणि तिथे त्याने पाय रोवले. मे १९९१ मध्ये त्याला एडमंटनला देण्यात आलं. एडमंटन म्हणजे कॅलाहूच्या अगदी जवळचं शहर, आणि त्या संघाने तेव्हा सात वर्षांत पाच वेळा स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलचा विजेतेपदाचा करंडक, जिंकलेला. कॅलाहूतल्या पोराला याहून काय हवं? पण मोसम सुरूच झाला नाही तोवर सप्टेंबरमध्ये ग्रँट फ्यूर आणि ग्लेन अँडरसनबरोबर त्याला टोरांटोला धाडलं. एडमंटनकडून तो मोसमातला एकही सामना खेळला नाही. ती जर्सी कागदावरच राहिली. मग २ जानेवारी १९९२ ला टोरांटो आणि कॅलगरी यांच्यात दहा खेळाडूंची अदलाबदल झाली, आणि त्या दहांत हा होताच. आठ महिन्यांच्या आत तीन वेळा! पुढे वॉशिंग्टन, पुन्हा फिलाडेल्फिया, पुन्हा वॉशिंग्टन, मग न्यूयॉर्क आयलंडर्स, पुन्हा कॅलगरी.

यात मान कसला, असं तुम्ही विचारता. मला वाटतं, आपण या गोष्टीकडे चुकीच्या टोकाने बघतो. ज्याने सोडलं त्याच्याकडे बघतो, ज्याने मागून घेतलं त्याच्याकडे नाही. बेरुबे हा गोल करणारा खेळाडू नव्हता. १,०५४ सामन्यांत त्याचे गोल फक्त ६१. त्याचं काम अंगावर घेण्याचं होतं. आपल्या नाजूक, गुणी खेळाडूला कोणी धक्काबुक्की केली की समोर जाऊन उभं राहायचं. असा खेळाडू सतरा मोसम टिकतो तो कोणाला तरी सतत हवासा वाटतो म्हणूनच. वॉशिंग्टन आणि फिलाडेल्फिया या दोघांनी तर त्याला एकदा जाऊ देऊन परत बोलावलं. याला मी मानच म्हणते. त्यात घर हलवण्याची फरफट होते, ती मात्र कुठल्याच आकडेवारीत दिसत नाही.

आता कोच कसा झाला ते. २००३-०४ मध्ये फिलाडेल्फिया फँटम्स या दुय्यम लीगच्या संघात तो खेळाडूही होता आणि साहाय्यक कोचही. तिथून वर चढत २०१३ मध्ये फिलाडेल्फियाचा मुख्य कोच झाला, २०१५ मध्ये काढला गेला. म्हणजे कोच झाल्यावरही दार दाखवलं गेलंच. तो पुन्हा खालच्या लीगमध्ये गेला, शिकागो वुल्व्ह्जला. तिथून सेंट लुइस ब्लूज.

नोव्हेंबर २०१८ मध्ये १९ सामन्यांत ७ विजय अशी ब्लूजची अवस्था असताना आधीच्या कोचला काढलं आणि याला हंगामी म्हणून बसवलं. ३ जानेवारी २०१९ च्या सकाळी आमचा संघ ३१ संघांत तळाला होता. शेजारीपाजारी हॉकीचा विषयही काढेनासे झाले होते. पण जानेवारीच्या अखेरीपासून सलग अकरा सामने जिंकले, आणि सगळं गाव पुन्हा निळं झालं.

मला त्यातली एकच गोष्ट तुम्हाला नीट दाखवायची आहे. सॅन होजेविरुद्धच्या मालिकेत तिसऱ्या सामन्यात, जादा वेळेत, त्यांच्या खेळाडूने पक (हॉकीतली रबराची चकती) हाताने ढकलला आणि त्यातून गोल झाला. सरळसरळ बेकायदा. पंचांना तो हात दिसला नाही आणि नियमाप्रमाणे रीप्लेही बघता येत नव्हता. सामना गेला. आमच्या घरात आरडाओरडा चाललेला. पुढे मुलाखतीत बेरुबे आला तो थंड चेहऱ्याने, तक्रारीचा सूर न लावता. त्यानंतरचे तिन्ही सामने ब्लूजने जिंकले. मी तेव्हाच नवऱ्याला म्हटलं, ज्याचं नशीब दुसऱ्यांच्या फोनवर ठरत आलंय, त्याला आपल्या हातात नसलेल्या गोष्टीवर किती वेळ घालवायचा हे कळतं.

दुसरं म्हणजे सरळ बोलणं. खेळाडूला तो तोंडावर सांगतो, अशी त्याची ख्याती आहे. तुला आज कमी वेळ का मिळाला, उद्या काय केलंस तर जास्त मिळेल. जो वर्षानुवर्षं चौथ्या फळीत, म्हणजे सगळ्यात कमी खेळवल्या जाणाऱ्यांत, बाकाच्या टोकाला बसलाय, त्याला ठाऊक असतं की न सांगणंच जास्त छळतं.

१२ जून २०१९ ला बोस्टनमध्ये अंतिम मालिकेचा सातवा, निर्णायक सामना. पहिल्या सत्रात बोस्टनने आमच्या गोलवर १२ फटके मारले, आपले फक्त चार, तरी आपण २-० पुढे! दोन्ही गोल शेवटच्या चार मिनिटांत. अखेर ४-१. क्लबच्या इतिहासातला पहिला स्टॅन्ली कप, ५२ वर्षांनी. आणि बेरुबेच्या हुद्द्यापुढे त्या रात्रीही ‘हंगामी’ हा शब्द होता. तो शब्द निघाला जूनच्या अखेरीस. मार्केट स्ट्रीटवरच्या मिरवणुकीत मी पाच तास उभी होते. पाय सुजले, पण हललेही नाही.

प्रश्न (याच वाचकांचा) : ‘पेनल्टी मिनिटं’ म्हणजे काय? नातू म्हणतो, यात बेरुबेचा आकडा फार मोठा आहे.

उत्तर : नियम मोडला की खेळाडूला काचेच्या पेटीत बसवतात. साध्या चुकीला दोन मिनिटं, मारामारीला पाच. बेरुबेची बेरीज ३,१४९ मिनिटं, म्हणजे साडेबावन्न तास. सामना साठ मिनिटांचा धरला तर जवळजवळ ५२ पूर्ण सामने! सगळंच काही कौतुकाचं नव्हतं. १९९७ मध्ये पीटर वॉरेल या कृष्णवर्णीय खेळाडूला त्याने वंशद्वेषी शब्द वापरला, त्याबद्दल एका सामन्याची बंदी भोगली आणि माफी मागितली. मला हा माणूस आवडतो म्हणून ते झाकून ठेवणार नाही. नातवालाही सांगा.

आणि त्याला एक विचारा. १९९२ च्या त्या दहा जणांत टोरांटोला डग गिलमर मिळाला, हे त्याला माहीतच असेल. गिलमरचा ९३ नंबर मान म्हणून आजही त्यांच्या रिंकच्या छताला टांगलेला आहे. बाकीच्या नऊ जणांची नावं त्याला सांगता येतात का बघा.