एक्सपीची खिडकी मोठी होईना

प्रश्न : आमचं लग्नपत्रिकांच्या डीटीपीचं काम आहे. वीस वर्षांच्या पत्रिका पेजमेकरमध्ये, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये पडून आहेत. जुना कॉम्प्युटर गेला, तेव्हा भाच्याने नव्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स टाकून त्यात विंडोज एक्सपी बसवून दिलं आणि तो गेला पुण्याला. चालतं सगळं, पण एक्सपीचा पडदा ८०० बाय ६०० च्या वर जात नाही. काय करू?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : ताई, भाच्याने नव्वद टक्के काम केलं आणि शेवटचं विसरला. व्हर्च्युअलबॉक्स म्हणजे लॅपटॉपच्या आत आणखी एक खोटा कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर, आणि एक्सपी त्यात पोटभाडेकरू आहे. खरा स्क्रीन त्याला दिसतच नाही, दिसतं ते व्हर्च्युअलबॉक्सने पुढे केलेलं खोटं ग्राफिक्स कार्ड. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारं छोटं सॉफ्टवेअर, एक्सपीकडे नाही, म्हणून ते जेवढ्यास तेवढं धरून बसलंय. हा ड्रायव्हर ‘गेस्ट ॲडिशन्स’मध्ये असतो.

एक्सपी चालू असताना खिडकीच्या वरच्या ‘डिव्हाइसेस’ मेनूत जा. तळाशी ‘इन्सर्ट गेस्ट ॲडिशन्स सीडी इमेज’ आहे, त्यावर क्लिक करा. मग एक्सपीच्या माय कॉम्प्युटरमध्ये सीडी दिसेल, ती उघडून इन्स्टॉल करा. मध्येच ‘या ड्रायव्हरची चाचणी झालेली नाही’ अशा अर्थाची सूचना आली तर घाबरू नका, ‘कन्टिन्यू एनीवे’ म्हणा. रीस्टार्ट झाल्यावर ‘व्ह्यू’ मेनूत ‘ऑटो-रिसाइझ गेस्ट डिस्प्ले’ चालू आहे ना बघा. आता खिडकीचा कोपरा ओढाल तसा एक्सपीचा पडदा वाढेल. पूर्ण स्क्रीन हवा तर उजवं कंट्रोल आणि एफ. पुष्कळ लॅपटॉपना उजवं कंट्रोल नसतंच. तसं असेल तर व्हर्च्युअलबॉक्सच्या प्रेफरन्सेसमध्ये, ‘इनपुट’खाली, ‘होस्ट की’ (उजव्या कंट्रोलचं हे काम करणारं बटण) दुसरी निवडा.

तरीही हललं नाही तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये एक्सपीच्या मशीनच्या (त्या खोट्या कॉम्प्युटरच्या) सेटिंगमध्ये ‘डिस्प्ले’ बघा. एक्सपीला ग्राफिक्स कंट्रोलर ‘व्हीबॉक्सव्हीजीए’ लागतो. हे बदलायला एक्सपी पूर्ण शटडाउन करा. ‘सेव्ह द मशीन स्टेट’ करून, म्हणजे आहे त्या अवस्थेत गोठवून, बंद केलं असेल तर हे पर्याय फिके दिसतात, बदलता येत नाहीत, आणि माणूस तासभर डोकं आपटतो. (मी आपटलंय.) व्हिडिओ मेमरी १२८ एमबीपर्यंत ओढण्याचा सल्ला सगळेच देतात, पण हिशेब करा : १९२० गुणिले १०८० ठिपके, ठिपक्याला ४ बाइट, म्हणजे जेमतेम ८ एमबी. एका स्क्रीनला ३२ ठेवली तरी रग्गड.

एका गोष्टीपासून मात्र लांब राहा. उजवं कंट्रोल आणि सी दाबलं की ‘स्केल्ड मोड’ येतो. पडदा लगेच मोठा होतो, पण तो ताणलेला फोटो असतो. ठिपके तेवढेच, अक्षरं पुसट. माझ्याच मावसबहिणीच्या पत्रिकेचं प्रूफ मी असं वाचलं होतं. ‘चि. सौ. कां.’मधल्या ‘कां’वरचा अनुस्वार मला दिसला, तो मॉनिटरवरचा डाग निघाला. तीनशे पत्रिका छापून आल्या आणि मावशीने काळ्या पेनाने तीनशे टिंबं दिली. तुमचं तर कामच रफार, मात्रा, टिंबांचं. चुकून त्या मोडमध्ये गेलात तर मेनू गायब होतो. तीच बटणं परत दाबा.

लॅपटॉप १३६६ बाय ७६८ चा असेल आणि एक्सपीच्या यादीत १३६० दिसलं, तर फिकीर नको. पुष्कळ ड्रायव्हरना रुंदी ८ च्या पटीत लागते आणि १३६६ ला ८ ने पूर्ण भाग जात नाही. कडेला सहा ठिपक्यांची काळी पट्टी राहील, एवढंच.

आणि मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा सपोर्ट एप्रिल २०१४ मध्येच थांबवला, तेव्हा मशीनच्या ‘नेटवर्क’मध्ये जाऊन त्याचं इंटरनेट बंद ठेवा. फाइलींची ने-आण ‘शेअर्ड फोल्डर’मधून करा, ती सोयही याच गेस्ट ॲडिशन्सबरोबर येते.